डोक्यातल्या खुर्च्या

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तुम्ही माझं नाव विचारलंत, तर कोणी सांगू शकणार नाही. 'खर्रेवाले सर कुठं बसायचे?' म्हणून विचारा. कोणीही तुम्हाला जिन्याखालच्या खोलीपर्यंत आणून सोडेल. दारावर 'तंबाखूमुक्ती समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती आणि त्या पाटीच्या बरोब्बर खाली, जिन्याच्या कोपऱ्यात, येणारा-जाणारा प्रत्येक जण थुंकायचा. मी तिथं देवांच्या तसबिरी लावून पाहिल्या. लोक देव वाचवून थुंकायला शिकले.

'खर्रेवाले सर' हे नाव मी स्वतःच्या अकलेनं कमावलंय. ज्यांनी खर्रा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन खसाखसा घोटायचं, की झाला खर्रा. नोकरीच्या सुरुवातीला मला वाटायचं, रुग्णापुढं खरा खर्रा ठेवून बोललं तर बोलण्याला वजन येतं. म्हणून रोज सकाळी गेटबाहेरच्या ठेल्यावरून मी एक ताजा खर्रा विकत घ्यायचो.

"सर, कडक घोटू का मिडीयम?" ठेलेवाला विचारायचा.

"कसाही घोट रे. मला खायचा नाही."

"सारे असंच म्हनते सर," म्हणून तो डोळा मारायचा.

महिनाभरानं मोठ्या साहेबांनी बोलावलं, दार लोटून घेतलं आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "हे बघा, लाजू नका. लोकांचा सोडवायच्या आधी आपला सोडा." मी जीव तोडून खुलासा केला. ते मान हलवत राहिले. व्यसनी माणूस आधी नाकारतो, हे त्यांना मीच एका भाषणात शिकवलं होतं.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळं पिणाऱ्याला निदान आडोसा तरी शोधावा लागतो. तंबाखूला तो लागत नाही. साखरपुड्याचं साक्षगंध असो, मयत असो की ग्रामसभा, दोन माणसं भेटली की एक जण खिशात हात घालतो आणि दुसरा हात पसरतो. न पसरणाऱ्याला शिष्ट म्हणतात. अशा मुलखात मी लोकांना 'सोडा' म्हणून सांगायची नोकरी केली, तीही कंत्राटी. किती जणांचं सुटलं ते विचारू नका. मी सांगणार आहे ते एकाच माणसाचं. त्याचं सुटलं होतं.

त्याआधी धंद्याची थोडी माहिती द्यायला हवी. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी शिकलो समाजकार्य. मेंदूशी माझा संबंध नोकरी लागल्यावर एका प्रशिक्षणात आला. तिथं तज्ज्ञांनी पडद्यावर मेंदूचे लाल-निळे फोटो दाखवले आणि मी जेवणाची सुट्टी कधी होते ते पाहत बसलो. तरी जे डोक्यात शिरलं ते असं. लग्नाचा मांडव धरा. मेंदूत ठरावीक खुर्च्या मांडलेल्या असतात, शरीरातल्याच एका पाहुण्यासाठी. तंबाखूतलं निकोटिन त्याच पाहुण्याच्या वेषात येतं आणि खुर्ची बळकावतं. ते बसलं की आत डोपामिन सुटतं. डोपामिन म्हणजे नुसता आनंद, असं लोक समजतात. मला विचाराल तर ती शाबासकी आहे: 'छान केलंस, पुन्हा कर.' असे पाहुणे रोज, घडीघडीला यायला लागले की मेंदू बिछायत केंद्राला निरोप धाडतो, अजून खुर्च्या पाठवा. मांडव खुर्च्यांनी भरून जातो. मग एखाद्या सकाळी पाहुणे आलेच नाहीत, तर त्या रिकाम्या खुर्च्या बोंबलायला लागतात. तलफ म्हणतात ती हीच.

हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं जास्त वाईट. डोपामिनची शाबासकी झेलणाऱ्या जागा वेगळ्या असतात. मांडवात रोज डीजे दणदणला तर गल्लीतली माणसं काय करतात? खिडक्या लावून घेतात. मेंदूही तेच करतो. वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांच्या डोक्यात या खिडक्या कमी उघड्या दिसतात. धुराची आणखी एक खोडी आहे. सुटलेलं डोपामिन झाडून नेणारा एक झाडूवाला मेंदूत असतो, धूर त्यालाही बसवून ठेवतो. म्हणून बिडीची मजा आमच्याकडच्या निकोटिनच्या च्युइंगमला येत नाही. ते चघळून लोक मला शिव्या द्यायचे. आणि बंद झालेल्या खिडक्या डीजे थांबला म्हणून लगेच उघडत नाहीत. तेवढ्या काळात घरच्या माणसानं दारात उभं राहून हलकी हाक मारली, तर ती आत पोचत नाही.

हे समजवायला मी एक प्लास्टिकचं टोपलं आणि बाहुलीच्या खेळातल्या इवल्या खुर्च्या आणल्या होत्या. टोपलं म्हणजे मेंदू. दवाखान्यात हसायचे. हसोत. चित्रांपेक्षा टोपलं लोकांना कळायचं.

शामराव टेलरांना ते जरा जास्तच कळलं.

ते अल्लीपूरचे. पन्नाशीच्या आतले, सडपातळ, कानामागे खडू. दवाखान्यात येतानाही तो काढायला विसरलेले. सर्जन मॅडमनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. उजव्या पायाचा अंगठा काळा पडून वाळक्या खारकेसारखा झाला होता. बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या आकसत जातात, बोटांना रक्त पोचत नाही. "अंगठा जाणारच," मॅडम मला म्हणाल्या होत्या. "पाऊल वाचवायचं असेल तर माझ्याकडे औषध नाही. ते तुमच्याकडे आहे. एक झुरकासुद्धा चालणार नाही." सोबत त्यांची बायको होती, कांताबाई. ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत.

"काम काय करता?" मी विचारलं.

"टेलर आहो जी. पायाची मशीन हाये. पाय गेला तं मशीन गेली."

"मोटर बसवता येते की."

"येते ना. पन मोटर मानसाचं ऐकत नाई सर. पायानं कसं, एकेक टाका इचारून पडते."

मी टोपलं पुढं ओढलं, खुर्च्या मांडल्या आणि माझं लग्नाच्या मांडवाचं कीर्तन म्हटलं. शामराव एकाग्र होऊन ऐकत होते. मग एक खुर्ची त्यांनी चिमटीत उचलून डोळ्यांजवळ नेली.

"एवढ्या खुर्च्या माह्या डोक्यात?"

"याहून जास्त."

"मंग काढूनच टाका नं ऑपरेशन करून! अंगठा कापाचाच हाये. एका भुलीत दोनी कामं होऊन जातीन."

"डोक्सं खोललं तं आत बिड्याच निंगतीन," कांताबाई म्हणाल्या.

मी हसू दाबून विचारलं, "दिवसाला किती होतात?"

"गिनती नाई जी. मशीनच्या कोन्यावर ठेवली का विझते. पुन्हा पेटवा लागते."

"विझते कशी?"

शामरावांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मला वाटलं, आता हेच माझं समुपदेशन करणार. "सर, तुमी कधी बिडी पेलीच नाई?"

"नाही."

"बिडी म्हंजे सिगरेट नाई. नुसती काडी लावून पेटत नाई ते. तोंडात धरून वढा लागते, तवा पेटते. आन् वढनं थांबलं का विझते."

"घ्या!" कांताबाईंनी कपाळावर हात मारला. "पोहनं न येनारे सर आता तुमाले पोहाले शिकवून राह्यले."

आम्ही तिघंही हसलो. ती माहिती मी त्या हसण्याबरोबरच वाऱ्यावर सोडून दिली. तंबाखूच्या खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला बिडी कशी पेटते हे माहीत असण्याची गरज वाटली नाही.

"तुम्ही ओढता?" मी कांताबाईंना विचारलं. बायका घरी गुपचूप ओढतात, तंबाखूची मिश्री लावतात, म्हणून हा प्रश्न ठरलेला.

"मी कायले पेऊ बाप्पा! यायचाच धूर पुरते. मशीनीजवळ बसून काजं-बटन करा लागते नं दिवसभर."

धुरातूनही निकोटिन बाजूच्या माणसाच्या डोक्यापर्यंत जातं आणि खुर्च्यांवर बसतं, हे मला प्रशिक्षणातून आठवत होतं. मी टोपल्यातल्या दोन खुर्च्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. "या तुमच्या."

"राहू द्या सर, आमच्या घरी बसाले चटई हाये," त्या म्हणाल्या.

अंगठा काढला. शामरावांनी बिडी सोडली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पहिले काही दिवस ते दुकानात बसून कापडाच्या चिंध्या दातांनी फाडत. गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय आखूड शिवला आणि उलट त्यालाच म्हणाले, तुझाच पाय मोठा आहे. आठवड्याच्या आठवड्याला माझ्याकडे येत, स्टुलावर बसत. मी नेहमीचे उपाय सांगे: पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, बडीशेप चघळा. ते नेहमीचं उत्तर देत: "बडीशेप खाऊन खाऊन तोंड हॉटेलावानी झालं."

कांताबाईही येत. त्या म्हणायच्या, यांनी सोडल्यापासून माझंच डोकं चढून राहतं, काही सुचत नाही, उगाच कावल्यासारखं होतं. मी म्हणायचो, काळजीनं होत असेल. दोन खुर्च्या मीच त्यांच्यापुढं ठेवल्या होत्या आणि मीच विसरलो होतो.

मग एकदा शामराव आले ते टोपलं पुढं ओढूनच बसले.

"सर, पोरगी आली होती आर्वीवरून. नात माह्या मांडीवर देल्ली. पहिली नात."

"वा!"

"वा कायचं? मले कायीच नाई वाटलं. कापडाचा ठान मांडीवर ठेवल्यावानी. पोरगी माह्या तोंडाकडे पाहून राह्यली होती, बाबा हसते का म्हून. मी हसलो. पन ते नुसतं तोंड वाकडं केलं सर."

मला खिडक्यांची गोष्ट सांगावी लागली. शामराव म्हणाले, "म्हंजे नात हाक मारून राह्यली, आन् मी खिडकी लावून बसलो."

"उघडते. वेळ लागतो. काही महिने."

"तवरीक काय करू?"

यावर प्रशिक्षणात काही सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "नातीला मांडीवर घेत राहा. काही वाटलं नाही तरी."

त्यांनी घेतलं. आर्वीच्या एसटीत बसून, अंगठा तुटल्या पायानं डेपोपासून लंगडत पोरीच्या घरी जाऊन, दर रविवारी त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, आणि दर आठवड्याला येऊन मला सांगितलं, "नाई सर. अजून नाई." मीच थकलो. च्युइंगम वाढवू का, म्हणून मॅडमना विचारायला गेलो. आणि एका सोमवारी ते दारातूनच ओरडले, "सर, उघडली!"

"काय उघडलं?"

"खिडकी! नातीनं माहं नाक धरलं आन् सोडेच ना. मी असा हासलो सर, असा हासलो, जावई आतून धावत आला."

जिन्याखालच्या त्या खोलीत मी त्या दिवशी शामरावांना मिठी मारली. पावलाची जखम भरून येत होती. मॅडमनीही सांगितलं, आता धोका नाही. फक्त तो एक झुरका नको.

मग मी काय केलं? जे कोणताही कंत्राटी माणूस करेल तेच. त्यांना मिरवलं. एका कार्यक्रमात व्यासपीठावर नेलं आणि माईकवरून म्हणालो, "शामराव, चालून दाखवा." ते नवे बूट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुण्यांनी वाजवल्या नाहीत, कारण ते मागच्या बाजूला खर्रा थुंकायला गेले होते. शामराव उतरताना माझ्या कानात म्हणाले, "बैल दाखवल्यावानी दाखवलं सर तुमी मले." पण खूश होते.

आखाजीला त्यांनी जेवायला बोलावलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाहेर त्या दिवशी लोक सोनं घेतात. आमच्याकडे गेलेल्या माणसांना जेवू घालतात. पाण्याचं मडकं भरून ठेवायचं, पळसाच्या पत्रावळीवर पोळी, आमरस, कुरडया, वडे, चिंचवणी असं सगळं वाढायचं, आणि त्या माणसाला जिवंतपणी जे आवडत होतं तेही. कोणाच्या पानावर पेढा असतो, कोणाच्या चहाचा कप. आमच्या आजोबांच्या पानावर आम्ही तपकिरीची डबी ठेवायचो.

शामरावांचे वडीलही टेलरच. त्यांच्याच मशीनवर शामराव शिवत. भिंतीवर त्यांचा फोटो, काळी टोपी, ओठ किंचित उघडे, जणू बिडी नुकतीच बाजूला ठेवलेली. पानावर कांताबाईंनी सगळं वाढलं, आणि शेवटी शामरावांनी कोनाड्यातून एक बिडी आणली. थोरला मुलगा म्हणून दरवर्षी तेच ठेवत.

मी फोटोसमोरच्या चटईवर बसलो होतो. माझ्यापुढं आमरसाची वाटी होती, आणि तो रस, काय सांगू, गावरान आंब्याचा, वर तुपाची धार. शामरावांनी बिडी तोंडात धरली. काडी ओढली. गालांना खळगे पडले. बिडीचं टोक लाल झालं. त्यांनी ती अलगद पत्रावळीच्या कडेला ठेवली आणि हात जोडले. मीही जोडले. किती श्रद्धेनं करतो हा माणूस, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. बिडी विझली. "बाबा नाराज हाये वाटते," शामराव म्हणाले, ती पुन्हा तोंडात धरली, पुन्हा काडी, पुन्हा खळगे, या खेपेला जरा जास्त वेळ.

त्याच वेळी कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हातात आमरसाचं पातेलं होतं. डोळे मोठे करून, भुवया उंचावून, एकटक. रस वाढू का, असं विचारताहेत, असं मला वाटलं.

मी वाटी पुढं केली.

त्यांनी रस वाढला.

पुढच्या सोमवारी शामराव आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. सुटलं की लोक येत नाहीत, हा माझा अनुभव. म्हणून मीही आनंदातच होतो. पोळ्याच्या सुमारास मॅडमनी वॉर्डात बोलावलं. शामराव खाटेच्या काठावर पाय खाली लोंबकळत ठेवून बसले होते. अशा रुग्णाला आडवं झोपवत नाही, पाय ठणकतो. उरलेली बोटं काळी पडली होती आणि काळेपणा पावलावर चढत होता. बनियनला बिडीचा वास.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आखाजीपासून."

"कोणी दिली?"

"कोन देईन? बाबाच्या पानावर ठेवली तेच. तुमी होते नं तिथं."

कांताबाई खाटेच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"म्या तुमच्याकडं पायलं होतं सर. म्हनलं, सर बसले हाये, चुकत असन तं बोलतीन. तुमी वाटी पुढं केली."

दोन झुरके. नुसती काडी लावून बिडी पेटत नाही, हे मला ज्या माणसानं शिकवलं होतं, त्यानं माझ्या डोळ्यांपुढं दोन झुरके घेतले आणि मी हात जोडून बसलो. त्यांनाही ते ओढणं वाटलं नव्हतं. ते बाबाचं होतं. आमच्याकडे बिडी ओढणं वेगळं आणि बाबाच्या पानावर ठेवणं वेगळं. फक्त डोक्यातल्या खुर्च्यांना हा फरक कळत नाही.

"सर, खुर्च्या उचलल्याच नोत्या का मंग?" शामरावांनी विचारलं.

"उचलल्या होत्या, शामराव. पण कुठं कुठं मांडल्या होत्या ते बिछायतवाला विसरत नाही. एक पाहुणा दिसला की तो पुन्हा ट्रक भरून आणतो."

"बाबाची बिडी विझली नं सर, तवा मले असं वाटलं का कोनीतरी मांगून हाक मारली. नातीच्या हाकेले किती महिने लागले होते. हे एका घडीत आयकू आली."

मी पुन्हा टोपलं घेऊन वॉर्डात गेलो. त्यांनी खुर्च्यांना हातही लावला नाही. चिडले नाहीत, रडले नाहीत. संडासात जाऊन ओढायचे आणि परत येऊन मला शहाण्यासारखी मान हलवायचे. मला पाठ होतं ते सगळं मी बोललो. माझा आवाज मलाच दवाखान्यातल्या त्या रेकॉर्ड केलेल्या सूचनेसारखा वाटायला लागला, जी सतत चालू असते आणि कोणी ऐकत नाही.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आत नेताना स्ट्रेचरवरून म्हणाले, "सर, आता तरी सांगा मॅडमले. एका भुलीत दोनी." वॉर्डबॉयला वाटलं, भूल आधीच चढली.

घरी त्यांनी मशीनला मोटर बसवून घेतली. मोटर त्यांचं ऐकत नव्हती. टाके भरकटायचे. मग मशीनवर कांताबाई बसायला लागल्या, पायानंच चालवायच्या, आणि शामराव बाजूला चटईवर काजं-बटणं करत बसायचे, हातात बिडी. जागा तेवढ्या बदलल्या. धूर तोच. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला नात आली होती, ती त्यांच्या मांडीवर चढायला बघत होती. ते तिला एका हातानं थोपटत होते, बघत मात्र माझ्याकडे होते. मला त्यांना विचारायचं होतं, ऐकू येते का. विचारलं नाही.

थंडीत दुसऱ्या पायाचं बोट काळं पडलं. त्याचं काही करायच्या आधीच हृदय थांबलं. मॅडमनी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपण करायचं ते केलं." मी त्यांना वाटीची गोष्ट कधीच सांगितली नव्हती.

माझं कंत्राट त्यानंतर संपलं. नवं झालं नाही. टोपलं आणि खुर्च्या कक्षातच ठेवून आलो. नव्या माणसानं टोपल्यात म्हणे पेनं ठेवली आहेत. बोरगाव मेघेतल्या घरी आता मी वर्तमानपत्र वाचतो आणि शेजारचे लोक मला बघून खर्रा खिशात घालतात. माझ्या कारकिर्दीचा झालेला हा एकमेव परिणाम.

यंदाच्या आखाजीला कांताबाईंचा निरोप आला: "सर, येजो. त्याइचं पहिलं पान हाये."

जायचं नव्हतं. गेलो. अल्लीपूरला एसटीतून उतरलो तेव्हा ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. घरात शिरलो आणि मला आधी वास आला. मला वाटलं, वास मुरतो, भिंतीत, कापडात, जात नाही लवकर. भिंतीवर आता दोन फोटो होते, बाप आणि लेक. खाली पाण्याचं मडकं, दोन पत्रावळी. शामरावांच्या फोटोपुढं एक पितळी ताटली होती. तिच्यात अर्ध्या जळालेल्या बिड्या. आजच्यापुरती असती तर एक असती. पण त्या ताटलीत ढीग होता.

पोरगी आली नव्हती, सासरी काही कार्य होतं. मुलगा नाहीच. कांताबाईंनी सगळं वाढलं, आणि कोनाड्यातून बिडी आणून तोंडात धरली. सराईतासारखी. काडी, खळगे, लाल टोक. नाकातून धूर आला. बिडी पत्रावळीच्या कडेला ठेवून त्यांनी हात जोडले.

"कांताबाई," मी म्हणालो, "रोज?"

"रोज त्याइच्या नावानं एक ठेवा लागते. आन् घडीघडी विझते नं बाप्पा ते. पुन्हा पेटवा लागते."

"ठेवली नाही तर?"

"डोकं चढते. जीव कसाकसा होते. वाटते, ते नाराज हाये."

या वेळी मी गप्प बसलो नाही. हवं तर माझ्या नावावर एवढं लिहून ठेवा. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी त्यांच्यापुढं ठेवलेल्या त्या दोन खुर्च्यांपासून. इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात कोणाच्या धुरानं खुर्च्या मांडल्या, ते गेल्यावर त्या खुर्च्या कशा रिकाम्या झाल्या, आणि डोकं चढतं ते शामरावांच्या नाराजीनं नाही. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. त्यांनी पदरानं तोंडाचा घाम पुसत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आठवते सर. त्या लायन्या खुर्च्या. मी म्हनलं होतं, आमच्याकडं चटई हाये."

"हो."

"मंग तुमीच सांगा. त्याइची बिडी कोन पेटवीन?"

फोटोत शामरावांच्या कानामागे खडू होता. कांताबाईंनी आमरसाचं पातेलं उचललं, माझ्या वाटीत रस वाढला. मी वाटी तशीच राहू दिली.

पत्रावळीच्या कडेची बिडी विझली. धुराची एक रेघ वर गेली आणि तुटली. कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, डोळे मोठे करून, भुवया उंचावून, एकटक. तीच नजर. या वेळी मला ती कळली. त्यांना मी अजून काही बोलायला नको होतं. मी बाहेर जायला हवा होतो.

पाणी पिऊन येतो म्हणालो आणि अंगणात आलो. मडकं आतच होतं, हे दोघांनाही माहीत होतं. मागं काडी ओढल्याचा आवाज आला.